पहिली नस : मेंदूच्या ऑटोइम्यून आजारांत वास का हरवतो?

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की वास येत नाही ही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची गोष्ट, ती मेंदूच्या आजारांवरच्या व्याख्यानात कशाला? पहिल्यांदा ती शंकाच दूर करू.

करोनाच्या साथीत ‘वास जाणं’ हे लक्षण घराघरांत माहीत झालं. जरा कणकण वाटली की लोक हिंगाची डबी, कॉफी, नाहीतर अगरबत्ती नाकाशी धरून बघत होते. त्या आजारात विषाणू मुख्यतः नाकाच्या छताजवळच्या आधारपेशींवर हल्ला करायचा. वास ओळखणाऱ्या पेशींना सांभाळणाऱ्या या पेशी. त्या कोलमडल्या की वास बंद, आणि बऱ्याच जणांत त्या पुन्हा उभ्या राहिल्या की वास परत. म्हणजे बिघाड नाकात होता.

आज आपण बोलणार आहोत ते वेगळ्या बिघाडाबद्दल. इथे नाक मोकळं असतं, सर्दी नसते, ऍलर्जी नसते. दारावरची बेल व्यवस्थित असते, पण बेलपासून आत जाणारी वायर कुरतडलेली असते. आणि ती कुरतडणारा बाहेरचा शत्रू नसतो, ती आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा असते. मल्टिपल स्क्लेरोसिस, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, मायस्थेनिया ग्रेव्हिस, मेंदूपर्यंत पोचलेला ल्युपस, अशा आजारांमध्ये हे घडतं.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून ठेवतो. या आजारांत वास कमी होणं ही किरकोळ तक्रार मानली जाते. प्रत्यक्षात ती मेंदूत काय चाललंय याची खबर असते. आणि ही खबर बहुतेक वेळा वाया जाते, कारण रुग्णाच्या ते लक्षात येत नाही आणि डॉक्टर ते विचारत नाहीत.

वासाचा रस्ता

आधी रस्ता समजून घेऊ, म्हणजे तो कुठे तुटतो ते कळेल.

आपल्या नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध आतल्या बाजूला, त्वचेचा एक लहानसा ओलसर पट्टा असतो. त्यात वास ओळखणाऱ्या लाखो चेतापेशी असतात. प्रत्येक पेशीवर गंधाचे रेणू पकडणारे ग्राही असतात. माणसात या ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार कामाचे आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या दोघांनी १९९१ साली या ग्राहींच्या जनुकांचं कुटुंब शोधून काढलं आणि २००४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. मोगरा, फोडणी, पहिला पाऊस, असा प्रत्येक वास म्हणजे या ४०० बटणांपैकी कुठली कुठली एकत्र दाबली गेली त्याचा नमुना असतो.

या पेशींचे बारीक धागे वर जातात. तिथे चाळणीसारखी भोकं असलेलं पातळ हाड असतं. त्या भोकांतून धागे कवटीत शिरतात आणि घ्राणकंद नावाच्या छोट्या गाठीसारख्या भागात पोचतात. या धाग्यांच्या जुडग्यांना मिळूनच मेंदूची पहिली नस म्हणतात. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आहेत, त्यातली ही पहिली. दुसरी डोळ्यांची.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. पहिल्या नसेच्या या धाग्यांवर मायलिनचं वेष्टन नसतं. मायलिन म्हणजे विजेच्या तारेवर असतं तसं चेतातंतूवरचं चरबीयुक्त आवरण. ते असलं की संदेश भराभर धावतो. पण घ्राणकंदापासून पुढे चित्र बदलतं. घ्राणकंद हा मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. तिथून मेंदूच्या आत जाणारा जो मार्ग आहे, त्याला मायलिन आहे, आणि ते मायलिन मेंदूच्या स्वतःच्या पेशी तयार करतात. म्हणजे मेंदूचं मायलिन खाणारा आजार वासाच्या मार्गालाही गाठू शकतो.

पुढे हा मार्ग जातो कपाळामागच्या खालच्या भागात आणि कानशिलाच्या आतल्या भागात. तिथेच भावनांची आणि आठवणींची केंद्रं आहेत. बाकीच्या इंद्रियांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर थांबतात, मग पुढे जातात. वासाची गाडी मात्र जंक्शन टाळून थेट आत शिरते. म्हणून तर एखाद्या जुन्या ट्रंकेचा वास आला की आजी आठवते, आणि का आठवली ते सांगता येत नाही.

आणखी एक. उजव्या नाकपुडीचा संदेश मुख्यतः मेंदूच्या उजव्या बाजूला जातो, डावीचा डाव्या. त्यामुळे एका बाजूचा मार्ग बिघडला तर दुसरी बाजू काम चालवून घेते आणि माणसाला पत्ताच लागत नाही.

घरचाच पहारेकरी

ऑटोइम्यून, म्हणजे स्वयंप्रतिकार आजार म्हणजे काय, हे थोडक्यात. आपल्या शरीरात पहारेकरी आहेत. बाहेरचा जंतू आला की त्याला ओळखून मारायचं हे त्यांचं काम. कधी कधी त्यांची ओळखण्यात गफलत होते आणि ते घरातल्याच माणसाला चोर समजतात. सांध्यांना चोर समजले तर संधिवाताचा एक प्रकार होतो, थायरॉइडला समजले तर थायरॉइडचा आजार. मेंदूतल्या मायलिनला चोर समजले तर मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस.

एमएसचं सविस्तर वर्णन १८६८ साली पॅरिसमध्ये झाँ-मार्तां शार्को यांनी केलं. मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी मायलिन गेल्याचे चट्टे त्यांना दिसले. आज तेच चट्टे एमआरआयमध्ये पांढरे ठिपके म्हणून दिसतात. आजार साधारण २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुप्पट-तिपटीने आढळतो. बहुतेकांमध्ये तो झटक्याझटक्याने येतो. काही आठवडे त्रास, मग उतार, मग पुन्हा झटका.

एमएसची पहिली खूण पुष्कळदा डोळ्यात दिसते. एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागतं, डोळा हलवला की दुखतं, लाल रंग फिका वाटतो. कारण दुसरी नस, डोळ्यांची, हीसुद्धा मेंदूच्याच मायलिनने झाकलेली आहे. नजर अंधुक झाली की माणूस लगेच डॉक्टर गाठतो. वासाचं मात्र तसं होत नाही. म्हणून कित्येक वर्षं असा समज राहिला की एमएसमध्ये वासावर परिणाम होतच नाही. १९७०च्या दशकातल्या अभ्यासांतही एकवाक्यता नव्हती. कुणाला फरक दिसला, कुणाला दिसला नाही.

चार पुस्तिका, चाळीस वास

अडचण मोजण्याची होती. नजर मोजायला अक्षरांचा तक्ता आहे, ऐकणं मोजायला यंत्र आहे. वास कशाने मोजायचा?

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डॉटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. चार छोट्या पुस्तिका, प्रत्येकीत दहा पानं. प्रत्येक पानावर एक पट्टी. ती पेन्सिलीने खरवडायची, वास घ्यायचा आणि दिलेल्या चार पर्यायांतला एक निवडायचा. एकूण गुण ४०. यातली गंमत बघा. ज्याला अजिबात वास येत नाही तो नुसते अंदाज मारत गेला तरी चारात एक या हिशेबाने त्याला दहाच्या आसपास गुण मिळतात. त्यामुळे एखाद्याला शून्य किंवा दोन-तीनच गुण मिळाले तर परीक्षकाला उलट शंका येते, की या गृहस्थांना उत्तरं माहीत आहेत आणि ते मुद्दाम चुकवतायत. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत याचा उपयोग होतो.

ही चाचणी हातात आल्यावर डॉटींच्या गटाने एमएसकडे मोर्चा वळवला. १९९७ साली त्यांनी २६ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. प्रत्येकाची वासाची चाचणी केली आणि एमआरआयमध्ये चट्टे मोजले. पण सरसकट मोजले नाहीत. वासाशी संबंधित भाग, म्हणजे कपाळामागचा खालचा भाग आणि कानशिलाचा भाग, इथले चट्टे वेगळे, आणि बाकी मेंदूतले वेगळे.

निकाल स्पष्ट होता. वासाच्या भागात चट्टे जितके जास्त, तितके वासाचे गुण कमी. दोन गोष्टींचं नातं शून्य ते एक अशा मापात मोजतात, एक म्हणजे पूर्ण घट्ट. इथे ते ०.९४ निघालं, उलट दिशेने. आणि मेंदूच्या बाकी भागांतल्या चट्ट्यांचा वासाशी काहीच संबंध दिसला नाही. २६ ही संख्या लहान आहे हे खरं, आणि नंतर इतर ठिकाणी हा आकडा इतका उंच आला नाही. पण नातं दिसलं.

डॉटींनी मग मोजक्या रुग्णांना वर्षाहून अधिक काळ पुन्हा पुन्हा तपासलं. चट्टे वाढले की वासाचे गुण उतरले, चट्टे कमी झाले की गुण वर आले. वास एकदा गेला तो गेलाच असं नव्हतं. आजाराबरोबर तो वरखाली होत होता. म्हणूनच जुन्या अभ्यासांत गोंधळ झाला असावा. झटका ओसरल्यावर तपासलेल्या माणसाचा वास ठीक लागणारच.

पुढे २०१५ साली मृत रुग्णांच्या मेंदूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी प्रसिद्ध झाली, आणि त्यात घ्राणकंदात आणि घ्राणमार्गात मायलिन प्रत्यक्ष नष्ट झालेलं दिसलं. फक्त एमएसमध्येच नव्हे, तर त्याच्या भाऊबंद आजारांमध्येही.

आज वेगवेगळ्या अभ्यासांचा गोषवारा घेतला तर एमएस असलेल्यांपैकी साधारण २० ते ४५ टक्के लोकांत वासाची काही ना काही घट सापडते.

वास येतो का? आणि कशाचा येतो?

हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण ते वेगळे आहेत. आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या.

जर्मनीत १९९०च्या दशकात वासाच्या पेनांची चाचणी तयार झाली. स्केचपेनसारखे पेन, शाईऐवजी वास. त्यात तीन भाग असतात. पहिला, उंबरठा. एकच वास अगदी पातळ करत न्यायचा आणि कितव्या पायरीला तो जाणवायचा थांबतो ते बघायचं. दुसरा, फरक. तीन पेनांतला वेगळा वास कुठला ते सांगायचं. तिसरा, ओळख. हा वास कशाचा, ते चार पर्यायांतून निवडायचं.

उंबरठ्यासाठी मुख्यतः वायर शाबूत लागते. ओळखीसाठी वायर तर लागतेच, शिवाय आठवण, भाषा, लक्ष, निर्णय, एवढं सगळं लागतं. ‘काहीतरी ओळखीचा वास येतोय, पण कशाचा ते सांगता येत नाही’ हा अनुभव आपण सगळ्यांनी घेतलाय. तिथे उंबरठा ओलांडलेला असतो, पण ओळख पटलेली नसते.

ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी एमएसच्या रुग्णांमध्ये हे भाग वेगवेगळे तपासले. त्यांना असं दिसलं की उंबरठा बिघडतो तो आजाराच्या सुरुवातीच्या, धगधगत्या काळात, झटक्यांच्या आसपास. तो पुन्हा सुधारूही शकतो. ओळख आणि फरक मात्र हळूहळू ढासळतात, आणि ज्यांच्यात ते ढासळतात त्यांच्यात कायमचं अपंगत्व आणि बौद्धिक क्षमतेतली घट जास्त आढळते. ते सहसा परत येत नाही.

म्हणजे काय, तर उंबरठा सांगतो ‘आत्ता आग लागली आहे का?’ आणि ओळख सांगते ‘आगीत आतापर्यंत किती जळून गेलं?’ एमएसमध्ये नेमके हेच दोन प्रश्न महत्त्वाचे असतात. आग चालू असेल तर ती विझवणारी औषधं आज आहेत. जळून गेलेलं परत आणणारं औषध आज तरी नाही. म्हणून आग लवकर कळणं याला एवढं महत्त्व. एमआरआय महाग आहे, दर महिन्याला करता येत नाही. वासाची चाचणी स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही, मशिनमध्ये झोपावं लागत नाही. ती एमआरआयची जागा घेणार नाही. पण दोन एमआरआयच्या मधल्या काळात ती एक इशारा देऊ शकते.

एमएसच्या पलीकडे

दुसरा आजार न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ. यात डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांवर जोरदार हल्ला होतो. पूर्वी हा एमएसचाच प्रकार समजला जायचा. २००४ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या व्हॅन्डा लेनन यांच्या गटाने या रुग्णांच्या रक्तात एक खास प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी शोधली. पुढच्याच वर्षी तिचं लक्ष्य कळलं : अ‍ॅक्वापोरिन-४, म्हणजे पेशीतून पाणी आतबाहेर करणारा दरवाजा. तेव्हापासून एनएमओ हा वेगळा आजार ठरला. हा फरक कागदावरचा नाही. एमएसची काही औषधं एनएमओमध्ये दिली तर त्रास वाढतो.

आता हे पाण्याचे दरवाजे वासाच्या मार्गातही आहेत. नाकातल्या त्या ओलसर पट्ट्याच्या आधारपेशींतही आणि घ्राणकंदातही. ज्या उंदरांमध्ये हा दरवाजा जन्मतःच नाही अशा उंदरांना लपवलेलं खाणं वासाने शोधायला जास्त वेळ लागतो, हे प्रयोगात दिसलंय. एनएमओच्या रुग्णांतही वासाची घट नोंदली गेली आहे.

तिसरा आजार मायस्थेनिया ग्रेव्हिस, आणि तो या यादीत खरं तर बसायलाच नको. यात हल्ला होतो तो नस आणि स्नायू यांच्या जोडणीवर. सकाळी बरं असतं, संध्याकाळी पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, चावताना जबडा दमतो. मेंदू शाबूत, असं पाठ्यपुस्तक सांगतं. पण २०१२ साली डॉटींचा सहभाग असलेल्या अभ्यासात या रुग्णांना त्या चाळीस गुणांच्या चाचणीत सरासरी २०च्या आसपासच गुण मिळाले. निरोगी माणसांना ३५च्या आसपास. तुम्ही म्हणाल, स्नायू दुबळे, मग हुंगताच येत नसेल. म्हणूनच संशोधकांनी स्नायूंचा दाह होणाऱ्या दुसऱ्या एका आजाराचे रुग्णही तपासले होते. त्यांचे गुण जवळपास निरोगी माणसांइतके निघाले. म्हणजे नुसती स्नायूंची दुर्बलता हे कारण पुरत नाही. मायस्थेनियात ज्या रसायनाचा संदेश अडतो ते अ‍ॅसिटिलकोलिन घ्राणकंदाच्या कामातही लागतं, आणि संशोधकांचा रोख तिकडेच आहे.

चौथा ल्युपस. हा साऱ्या शरीराचा आजार, पण काही रुग्णांत तो मेंदूपर्यंत पोचतो. इस्रायलमध्ये येहुदा शोएनफेल्ड यांच्या गटाने ल्युपसच्या रुग्णांतली एक विशिष्ट अँटिबॉडी उंदरांच्या मेंदूत सोडली. ती जाऊन चिकटली वासाच्या आणि भावनांच्या भागांना. ते उंदीर वास ओळखण्यात मागे पडले आणि नैराश्य आल्यासारखे वागू लागले, दोन्ही. वास आणि मनःस्थिती यांचे रस्ते किती शेजारी आहेत, याचं हे उदाहरण.

कुणी सांगत का नाही?

एवढं सगळं माहीत असताना रुग्णाच्या फाइलमध्ये वासाची नोंद का नसते?

एक कारण दवाखान्यातलं. मेंदूच्या नसा तपासताना पहिली नस सोडून देण्याची जुनी सवय आहे. फाइलमध्ये लिहिलं जातं, ‘दोन ते बारा नसा नॉर्मल’. एक कुठे गेली, हे कुणी विचारत नाही. ओपीडीची गर्दी बघता डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण सवय ती सवय.

दुसरं कारण रुग्णाच्या बाजूचं. वास हळूहळू गेला की कळत नाही. चाचणीत घट निघालेल्या पुष्कळ लोकांनी आधी तक्रार केलेली नसते. तक्रार केली तरी ती वासाची नसते, चवीची असते. ‘हल्ली कशालाच चव लागत नाही.’ जीभ फक्त गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसल-रसदार असं सांगते. बाकी सगळी चव म्हणजे घशामागून वर नाकात जाणारा वास. पटत नसेल तर नाक घट्ट दाबून वेलदोड्याचे दाणे चावा. काहीतरी कडवट-तिखट लागेल. मग नाक सोडा. वेलची तेव्हा येते.

तिसरं कारण घरातलं. एमएस स्त्रियांना जास्त होतो आणि आपल्या बहुतेक घरांत स्वयंपाक स्त्रीच करते. आमटीत मीठ जास्त पडतं, दूध करपलेलं कळत नाही, कालची भाजी आंबलेली लक्षात येत नाही. घरचे म्हणतात, ‘तुझं लक्ष कुठंय हल्ली?’ तिलाही वाटतं आपणच वेंधळ्या झालो. आधीच थकवा, त्यात हा ठपका. तिचं लक्ष जागेवर असतं, तिचा वास गेलेला असतो. ही गोष्ट कुणीतरी नाव घेऊन सांगितली तर निम्मं ओझं उतरतं.

आणि धोका नुसता आमटीपुरता नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मुद्दाम घालतात. ती सगळी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे, की घरातल्या माणसाला वास येतो.

मग करायचं काय?

पहिलं, उलट बाजूने घाबरायचं नाही. वास कमी होण्याची सर्वांत जास्त आढळणारी कारणं नाकातली आहेत : सर्दी, सायनस, ऍलर्जी, नाकातले मोड. विषाणू संसर्ग, डोक्याला मार, वय, पार्किन्सन्स हीही कारणं आहेत. नुसता वास गेला म्हणजे एमएस झाला असं अजिबात नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नाक तपासून घ्यायचं.

दुसरं, ज्यांना यातला एखादा आजार आधीच आहे त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना आपणहून सांगायचं, ‘वास कमी येतो, साधारण अमुक महिन्यापासून.’ तारीख महत्त्वाची. त्या सुमारास दुसरं काही झालं होतं का, हे त्यावरून जुळवता येतं.

तिसरं, घरी अंदाज घ्यायचा असेल तर वस्तू नीट निवडा. कापूर, पुदिना, निलगिरी, बाम, कापलेला कांदा या वस्तू चालणार नाहीत. त्यांचा थंडावा किंवा झोंबणं पाचव्या नसेतून कळतं. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही कांदा झोंबतो आणि तो म्हणतो, ‘येतोय की वास!’ त्याऐवजी कॉफी पावडर, अंघोळीचा साबण, संत्र्याची साल घ्या. डोळे मिटून, एक नाकपुडी बंद करून, एकेका बाजूने. ही चाचणी नव्हे, नुसता अंदाज आहे.

चौथं, उपाय. गेलेला वास हमखास परत आणणारी गोळी नाही. मूळ आजार आटोक्यात ठेवणं हाच पाया. जोडीला वासाचा व्यायाम आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, रोज दोन वेळा, लक्ष देऊन हुंगायचे, १२ आठवडे. विषाणूने गेलेल्या वासात त्याचा फायदा चांगला दिसला आहे. ऑटोइम्यून आजारांत पुरावा अजून थोडा आहे, पण त्यात अपायही काही नाही आणि खर्चही नाही.

पाचवं, सुरक्षितता. गॅसगळतीचा अलार्म बसवा. रात्री रेग्युलेटर बंद करा. फ्रीजमधल्या डब्यांवर तारीख लिहा. दूध, चटणी, नारळाचं वाटण हे घरात दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. चष्मा लावतो तसंच हे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*परदेशातल्या चाचण्या आपल्याकडे चालतात का?*

जशाच्या तशा चालत नाहीत. अमेरिकन चाचणीत तिथल्या रूट बिअर नावाच्या पेयाचा आणि स्कंक नावाच्या प्राण्याचा वास आहे. तो आपल्याला ओळखता आला नाही तर दोष नाकाचा नाही. म्हणून भारतीय वास घेऊन चाचण्या तयार करण्याचं काम झालेलं आहे. उंबरठ्याच्या भागाला मात्र ही अडचण कमी, कारण तिथे वासाचं नाव सांगायचं नसतं.

*चेतापेशी पुन्हा तयार होत नाहीत म्हणतात. मग वास परत कसा येतो?*

छान प्रश्न. नाकातल्या वासाच्या चेतापेशी हा अपवाद आहे. त्या आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. म्हणून नाकातला बिघाड बराचसा भरून निघतो. मेंदूतल्या मार्गाचं तसं नाही. तिथे सूज उतरली आणि मायलिन थोडंफार भरून आलं तर वास सुधारतो. पण तंतूच तुटला असेल तर नाही.

*वास कमी झाला म्हणून औषध बदलावं का?*

नुसत्या वासावरून नाही, आणि आपल्या मनाने तर कधीच नाही. वासातली घट ही डॉक्टरांना पुन्हा तपासायला लावणारी खूण आहे. त्यावरून एमआरआय लवकर करायचा का, झटका येऊन गेला का, हे ते ठरवतील. औषध बदलायचं की नाही, ते त्यानंतर.

*आमच्या घरी एमएसचा रुग्ण आहे. आम्ही काय करावं?*

दर दोन-तीन महिन्यांनी एकदा विचारा, ‘चहाचा वास नेहमीसारखा येतो का?’ उत्तर एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टांच्या पिशवीत ती वहीही टाका.